तुळसाकाकूची ओळख पटली नाही

नांदिवलीच्या आमच्या तुळसाकाकूने उभा जन्म भात लावला. त्याच शेतावर इमारत उठली तेव्हा ती सातव्या मजल्यावर राहायला गेली. जुन्या घराला नुसती कडी होती. नव्या दाराला माणसाचा चेहरा लागतो, नाहीतर अंगठा. मुलगा प्रितम कौतुकाने सांगायचा, "दार, दिवे, कॅमेरा, सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे, पण आता एकमेकांशी बोलतात!" काकूशी त्यातलं कुणी बोलत नाही, हे माझं म्हणणं त्याने हसण्यावारी नेलं.

पुतणीच्या हळदीच्या संध्याकाळी चार वर्षांचा नातू साकेत वर झोपला होता. काकूने त्याचं दूध गॅसवर ठेवलं आणि पाचच मिनिटं म्हणून मांडवात उतरली. आमच्याकडे हळदीतून कुणी कोरडं परत जात नाही. बायकांनी तिला कपाळापासून कोपरापर्यंत माखलं.

वर आली तर दाराला चेहरा पटेना. अंगठाही पटेना. पदराने पुसावं तर तेलातली हळद आणखीच पसरली. तिसऱ्या खेपेला दारावर लाल दिवा लागला. "अनोळखी व्यक्ती," दार म्हणालं. लगेच कॅमेऱ्याने भोंगा सुरू केला, दिवे लुकलुकू लागले. एकाने चोर म्हटलं, बाकीच्यांनी री ओढली.

प्रितम खाली डीजेसमोर नाचत होता, फोन कुठला उचलतोय! शेजारीपाजारीही मांडवातच. आणि दाराच्या फटीतून वास आला. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, पण बंद झाला नव्हता. काकू दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

"दार उघर रं बाला! मी हाय, तुजी आजी!"

साकेत भोंग्याने जागा होऊन दाराशी आला होता. आतल्या छोट्या पडद्यावर बघून तो रडत म्हणाला, "तू आजी नाहीस. तू पिवळी आहेस. लाल दिवा असला की उघडायचं नाही, पप्पांनी सांगितलंय."

ती जितकी ओरडे तितकं पोर मागे सरके. भीतीने तिचा आवाजसुद्धा तिचा राहिला नव्हता. शेवटी ती दारापाशी खाली बसली आणि रोज घास भरवताना म्हणायची तसं म्हणाली, "माज्या चिंबोऱ्या, नांगी कार बघू भायेर."

आत रडणं थांबलं. खिट्टी वाजली. फटीतून खेकड्याच्या नांगीसारखी दोन चिमुकली बोटं बाहेर आली.

गॅस बंद करून, खिडक्या सताड उघडून, पोराला छातीशी घट्ट धरून ती जिन्यात येऊन बसली. घर अजून ओरडतच होतं, "अनोळखी व्यक्ती घरात." प्रितम धापा टाकत आला. सगळं ऐकून म्हणाला, "आई, तुझा हळदीतला चेहरापण टाकतो त्यात."

"आन् रडतानाचा?" काकूने विचारलं.

दुसऱ्या दिवशी लग्नाला तुळसाकाकू अनवाणी आली. चपला तिने दाराच्या फटीत अडकवून ठेवल्या होत्या.