दाराला चिकटवलेली नोटीस

कोर्टात केस पुढे सरकत नाही, पण बाररूममध्ये किस्से साचत जातात. एक तारीख, एक किस्सा! आमचं तालुक्याचं कोर्ट नगर जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातलं, आणि मी तिथे शेख सरांची ज्युनिअर. सरांचं अर्धं आयुष्य सरकारशी भांडण्यात गेलं, पण आवाज कधी चढला नाही. सुरुवातीला मला त्याचाच राग यायचा!

* * *

रेशनकार्ड अडकलेलं असो की नळ तोडलेला, सर राज्यघटनेचं कलम एकवीस काढणारच. जगण्याच्या हक्काचं. एकदा जजसाहेब वैतागले. "वकीलसाहेब, हे एकवीस प्रत्येक केसमध्ये कसं काय येतं?"

सर म्हणाले, "साहेब, माणूस प्रत्येक केसमध्ये असतो ना!"

* * *

एका टेम्पोवाल्याला पोलिसांनी सकाळपासून ठाण्यात अडकवून ठेवलं होतं. आम्ही गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "छे छे, अटक कुठं केलीय? नुसतं बसवलंय."

अटक दाखवली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. बसवण्याला कसलाच हिशेब नाही! मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात सर टेम्पोवाल्याकडे वळले. "अटक नाही म्हणतायत. ऊठ, घरी चल."

तो उठला आणि आम्ही तिघं सगळ्यांदेखत बाहेर पडलो. गेटपर्यंत मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही!

* * *

एका सरकारी ऑफिसात साहेब म्हणाले, "फाइल सापडत नाही."

"हरकत नाही," सर म्हणाले. "सापडत नाही, एवढंच लेखी द्या."

साहेबांनी कागद घेतला, पेन उघडलं, आणि फाइल त्यांच्याच टेबलाच्या खणात सापडली!

* * *

माझी फजितीही सांगते. सुप्रीम कोर्टाचा एक निकाल मोबाईलवर मिळाला. त्यातला एक पॅरा अगदी आमच्या बाजूचा! मी तो कोर्टात ठणकावून वाचला. सरकारी वकील शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते हरलेल्या वकिलाचं म्हणणं आहे. कोर्ट काय म्हणालं, ते पुढच्या पानावर."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरांनी बाहेर चहा पाजला आणि म्हणाले, "मीपण असंच वाचलेलं. हायकोर्टात!"

* * *

कौसाबाईंचं गायरानावर पत्र्याचं घर. ग्रामपंचायतीने अतिक्रमण ठरवून पाडायचा आदेश काढला. बाजू ऐकल्याशिवाय कुणाचं घर पाडता येत नाही, म्हणून सगळं एकाच गोष्टीवर आलं: बाईंना नोटीस मिळाली होती का?

बाई तेव्हा कुटुंबासकट ऊसतोडीला गेलेल्या, उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहिलेल्या. पण पंचायतीच्या वकिलांनी पंचनामा दाखवला. "घर बंद आढळल्याने नोटीस दाराला चिकटवली." खाली दोन पंचांच्या सह्या. आमच्या हातात काहीच नव्हतं, आणि स्थगिती मिळाली नाही तर सोमवारी जेसीबी येणार होता. मला बाईंकडे बघवेना.

जजसाहेबांनी त्यांनाच विचारलं, "बाई, परत आल्यावर दाराला कागद दिसला नाही?"

"कुठल्या दाराला साहेब? दार तर म्या संगं नेलं हुतं."

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"संगं म्हणजे?"

"बिजागऱ्या काढून ट्रॅक्टरात टाकलं. दाराच्या जागी काट्याच्या बोराट्या लावून गेल्तो. समद्या गावाला ठावं हाय."

पंचायतीचे वकील पंचनामा पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. साहेबांनी तिथल्या तिथे स्थगिती दिली. टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटत होतं.

सही करून झाल्यावर साहेबांनी मान वर केली. "पण बाई, एवढं दार कशाला न्यायचं?"

"पोरगी न्हातीधुती झाली औंदा. कोपीला दार नसतंय, साहेब."