तुजा गाव कंचा?

मी घर सोडलं तेव्हा आई दारात होती आणि बा मिठागरावर. त्याला भेटून जावं म्हणून ट्रंक घेऊन बांधापर्यंत गेले. आदल्या दिवशी मी कामाला होते त्या कारखान्याच्या गेटवरून, घोषणा देताना, पोलिसांनी आम्हा सात बायकांना उचललं होतं आणि जीपमधून उतरताना मला अख्ख्या गावाने पाहिलं होतं. बिनलग्नाची मुलगी युनियनपायी चौकीत बसून आली, तेव्हा तिने आता बाहेरच राहावं असं घरात ठरलं. बाने हातातलं काम थांबवलं नाही. मीठ ओढता ओढताच म्हणाला, "जातंस तं जा. पन तिथं घरचं बोलनं बोलू नको. लोकं हसतील."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. तुळिंजला नुकत्याच उठलेल्या एका चाळीत पॅकिंगमधल्या दोघींबरोबर खोली घेतली. मशीनवरच्या भैयाशी हिंदी, सुपरवायझरशी मोडकं इंग्रजी आणि युनियनच्या कचेरीत शुद्ध मराठी. आमचे सेक्रेटरी निवृत्त मास्तर होते. ते माझ्याकडून 'पाणी' दहादा म्हणवून घेत. आधी मला त्यांचा राग यायचा, पुढे माझी मलाच ऐट वाटू लागली. वाटाघाटींच्या टेबलावर अलीकडे 'आम्ही' आणि पलीकडे 'तुम्ही', हे माझ्या जिभेवर पक्कं बसलं. पाच महिने लॉकआउट चालला. शेवटी युनियनमुळे कामावरून काढलेल्या सगळ्या बायकांना परत घ्यायला लावलं, आणि माझं नाव विरारपर्यंत गेलं.

पाच-सहा वर्षांनी युनियनच्या पाठीशी असलेल्या पक्षाने विधानसभेचं तिकीट दिलं. प्रचाराची शेवटची सभा माझ्याच गावात ठेवली होती. तिथली मतं मला हवीच होती, कारण घरच्यांनी नाकारलेली बाई, असं विरोधक उघड बोलत होते. पण मिठागराच्या मुकादमाने आधीच सांगून ठेवलं होतं, की हिच्या सभेला जाईल त्याने दुसऱ्या दिवशी कामाला येऊ नये. तरी चाळीस-पन्नास माणसं आली. देवळासमोर खाली मान घालून बसली. मुकादम मागे स्कूटरला टेकून एकेकाचं तोंड बघत होता. मला त्या प्रत्येकाच्या कामाची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्तच ठासून बोलते.

"तुमच्या गावाला पिण्याचं पाणी मिळालंच पाहिजे," मी म्हणाले.

टाळी पडली नाही. काय बोलले ते मला कळलंच नव्हतं. पुढे बसलेली शेजारची जनाकाकी, जिच्या मागे हंडा घेऊन मी बागायतीतल्या विहिरीवर जायचे, ती हळूच म्हणाली, "आनि पोरी, तुजा गाव कंचा?"

कोणी हसलं नाही, फक्त मुकादम हसला. एक-दोघं उठू लागले. ते गेले असते तर बाकीचेही गेले असते.

तेवढ्यात मागून बा उभा राहिला. हा माणूस बारशालासुद्धा चारचौघांत बोललेला मी पाहिला नव्हता. मुकादमाकडे तोंड करून तो म्हणाला, "तिचा गाव ह्योच. बोलनं मीच सोडाया लावलं तिला. चूक माजी हाय."

एवढं बोलून तो खाली बसला. उठलेलेही बसले. मी पुढे काय बोलले ते आठवत नाही, पण सभा संपेपर्यंत कोणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाला मिठागरावरून परत पाठवलं. मी निवडून आले. पुढच्या वर्षी गावात नळही आला, पण बाला त्या मुकादमाने पुन्हा कधी कामावर घेतलं नाही. आमदार म्हणून मी त्याला दम देऊ शकले असते, बाने देऊ दिला नाही.

तुम्ही गावात राहिलेले, आणि माझ्यासारखे निघून गेलेले, भेटलात की विचारता, आता घर कुठलं? मी बाला कितीदा तरी म्हटलं, तुळिंजला माझ्याकडे राहायला ये. तो एकच सांगतो, "मी आपल्या गावानच बरा."

त्या 'आपल्या'मध्ये मी धरलेली आहे, की ते नुसतं त्याचं स्वतःचं आहे? विधानसभेत मंत्र्यांना प्रश्न विचारून घाम फोडते मी. हे एवढं त्याला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.