सेलिनची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ज्या मुलांना दर शनिवारी नाटक शिकवते त्यांना तर नाहीच — त्यांच्यापुढे मी फार शहाणी असते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नववीत असताना आमच्या शाळेत नाट्यवर्ग सुरू झाला. मला नटी व्हायचं होतं. वक्तृत्वाची बक्षिसं शोकेसमध्ये, आवाज खणखणीत, आरशापुढचा सराव भरपूर — स्पर्धेच्या एकांकिकेत मुख्य भूमिका माझीच, यात शंका कसली? बाईंनी ती सेलिनला दिली. सेलिन निर्मळ गावची, माझ्याच बाकावर बसायची. तिच्या घरी केळीची आणि फुलांची वाडी होती. एकांकिकेतली म्हातारीही वाडीवालीच, बिल्डरच्या कागदावर सही करायची वेळ आलेली. आणि मी नायगावच्या नव्या बिल्डिंगमधली. कुंडीतली तुळस सोडली तर कशाला पाणी घातलेलं नाही. बाई मला म्हणाल्या, "तुला सगळं एकदम दिसतं. तू दिग्दर्शन शीक." मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी हसले. आणि आतून जळून खाक झाले.

पण गंमत अशी, की मला ते आवडायला लागलं. कोण कुठे उभं राहिलं की लोकांची नजर कुठे जाते, वाक्याआधी बसायचं की वाक्य संपवून बसायचं — हे सगळं मी शिकत होते. सेलिन मी सांगेन ते करायची. वाद नाही, रुसवा नाही. त्याचाही राग यायचा. तिने एकदा तरी चिडावं ना?

बाईंचा एक नियम होता. नट अडला तर विंगेतून ओळ सांगायची ती दिग्दर्शकाने, दुसऱ्या कुणी नाही. "तो तुझ्या भरवशावर उजेडात जातो," म्हणायच्या. सेलिन पाठांतराला कच्ची, म्हणून आम्ही दोघींनी एक खूण ठरवली. ती अडली की हातातली बांगडी फिरवणार, मी ओळ देणार. तालमीत तिने कितीदा तरी बांगडी फिरवली. मी दर वेळी ओळ दिली.

स्पर्धेला तिचे पप्पा आले. त्यांना हे नाटकबिटक पसंत नव्हतं. एकदा बघतो, मग ठरवू, असं म्हणाले होते. सेलिनचा सगळा जीव त्या एका दुपारीत अडकलेला. वाडीतलं काम टाकून ते स्कूटरवरून आले, आम्हा मुलींसाठी सोनचाफा घेऊन. मला दोन फुलं जास्त दिली. "तू डायरेक्टर ना बाय? पोरीला सांभाळून घे." मी ती फुलं वेणीत माळली.

आता येते त्या जागेवर. येतेय — जरा थांबा.

शेवटचा प्रसंग. कागद समोर, पेन हातात, आणि म्हातारीने म्हणायचं, "सही करते, पण आधी झाडांना पाणी घालू दे." सेलिनने पेन उचललं आणि अडली. मी विंगेतल्या अंधारात, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. तिने बांगडी फिरवली. मी पाहिलं. पुन्हा फिरवली. ओळ माझ्या जिभेवर होती, ती माझी आवडती ओळ होती — घरी आरशापुढे मी ती रोज म्हणत होते. मी ओठ मिटून घेतले. विसरले नाही, गोंधळले नाही. मिटून घेतले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिले.

मग सेलिनने पेन खाली ठेवलं. उकिडवी बसली आणि रिकाम्या स्टेजवर बोटांनी आळं करायला लागली, घरी करत असेल तसं. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, तिच्या घरच्या बोलीत. मला एक शब्द कळला नाही. हॉल चिडीचूप. पडदा पडला तो त्याच्यावरच.

परीक्षक म्हणाले, असा विराम शाळकरी नाटकात पाहिला नव्हता, दिग्दर्शिकेचं कौतुक. मी स्टेजवर जाऊन बक्षीस घेतलं. विराम कसा सुचला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, "तालमीत सापडला." इतक्या सहज!

खाली सेलिन रडत होती. "मी बांगडी फिरवली गं. तुला दिसली नाही?" तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "अगं, सांगितली की ओळ. दोनदा सांगितली. तुला ऐकूच गेली नाही." तिने विश्वास ठेवला. न ठेवायला मी तिची कोण वैरीण होते? तिचे पप्पा शेजारीच उभे होते. लोकांनी वाखाणलेल्या म्हातारीपेक्षा रडणारी मुलगीच त्यांना दिसली असणार. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ऱ्हावदे बाय. आपलं काम नाय ते."

पुढच्या फेरीआधी सेलिनने स्वतःच भूमिका सोडली. परत अडले तर तुमची सगळ्यांची वाट लागेल, म्हणाली. बाई पार खचल्या. मी म्हटलं, मला सगळं पाठ आहे. आणि मी म्हातारी झाले. तिचं ते उकिडवं बसणं, ते आळं — सगळं जसंच्या तसं उचललं. हॉलमध्ये लोक खोकत होते.

सेलिन पुन्हा स्टेजवर चढली नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्या वर्गात आली, पाचवीतल्या लेकीला घेऊन. स्कूटरवरून उतरली आणि मला मिठीच मारली. लेकीला म्हणाली, "टीचर सांगतील ते ऐकायचं. मम्मीसारखं नाय करायचं. मी अडले होते तेव्हा टीचर दोन-दोनदा ओळ सांगत होत्या, मलाच ऐकू आली नाय." मग हसून माझ्याकडे पाहिलं. "हो ना गं?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी "हो" म्हटलं.