परसों म्हणजे कधी?

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी माझी नेमणूक डाकोटा विमानावर होती, वायरलेस ऑपरेटर म्हणून. मी राणीसावरगावचा. आवाज असा दणदणीत, की वायरलेस बंद पडला तर खिडकीतून बोललो असतो अन् कराचीनं ऐकलं असतं. मुंबईहून निघायचं, परभणीजवळच्या कच्च्या धावपट्टीवर सामान उतरवायचं, परत फिरायचं. विमान चालवायचे पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट दामले. शेजारी फ्लाइंग ऑफिसर हमीद, हैदराबादचा, लग्नाची मेंदी अजून ताजी.

उंची दाखवणाऱ्या अल्टीमीटरला एक खुंटी असते. मुंबई समुद्राकाठी, परभणी तिच्याहून तेराशे फूट वर. उतरताना खुंटी फिरवून परभणीच्या हवेचा दाब लावायचा. नाही लावला, तर विमान जमिनीपासून आहे त्याहून तेराशे फूट उंच असल्याचं काटा खुशाल दाखवतो.

त्या सकाळी परभणीनं दाब कळवला. मी पुढं ओरडून सांगितला. हमीदनं खुंटीला हात घातला.

"काय नवरदेव, घरी कधी जाणार?" दामलेसाहेबांनी विचारलं.

"परसोंच तो आया, साब."

"परवा? परवा तू मेसमध्ये माझ्या ताटातलं मटण पळवत होतास."

"वो परसों नक्को, साब. ईद का परसों."

"ईद होऊन किती महिने झाले रे?"

हमीदनं समजावायला, खुंटी न फिरवताच, हात काढला. "साब, हमारे दादा भी परसोंच गुजरे. मैं पैदा नहीं हुआ था."

निजामाच्या मुलखात परसों लय लांबतो. दामलेसाहेब असे हसले की विमान हललं. हसत हसतच ढगात शिरलो.

परभणीनं विचारलं, "उंची?"

"सतराशे. उतरतोय," दामलेसाहेबांनी काटा वाचला.

ढग फाटला तेव्हा समोर जिंतूरचा डोंगर होता. हमीद एवढंच म्हणाला, "साब."

मी करवंदीच्या जाळीत शुद्धीवर आलो. दोघांना रँकसकट हाका मारल्या. गावकरी चढून येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून माश्या हाकलल्या.

आता लोक चहा पाजून ही गोष्ट सांगायला लावतात. सांगताना मी विमान बाभळीच्या शेंड्यावरून काढतो, ज्वारीत उतरवतो, एका म्हशीला टेकवून थांबवतो. म्हैस रागानं बघते. दामलेसाहेब टोपी झटकत खाली येतात, मागून हमीद. लोक हसतात, उठून जातात. त्यानंतर ते दोघं कुठं जातात, तेवढं मला अजून रचता आलेलं नाही.