रंगनाथराव आणि गच्चीचं काम

रंगनाथराव गेल्या डिसेंबरमध्ये हिंगोलीत, राहत्या फ्लॅटमध्ये वारले. वय एकाहत्तर. त्याआधी आठ महिने त्यांनी आमच्या सोसायटीचं सचिवपद सोडलं होतं.

सोसायटी म्हणजे बायपासजवळची तीन मजली इमारत, अठरा घरं. सचिवाला मानधन नाही. नळ, वीज, रंग, गवंडीकाम यांसाठी माणसं शोधायची, आणि ती आली नाहीत की अठरा घरांची बोलणी खायची, एवढंच काम. रंगनाथराव ते नऊ वर्षं करत होते. दर वर्षीच्या सभेत ते म्हणत, "आता दुसरं कोनी बघा बाबा. मी दमलो." लोक हसत आणि पुन्हा त्यांनाच निवडत. मी तळमजल्यावर राहतो. मीही हात वर करत असे.

ते शिरड शहापूरचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कोणत्या गावाला केव्हा पाणी सोडायचं, यात सगळी नोकरी गेली. माणूसही ते पिकावरून ओळखत. कुणी नवा कारागीर सुचवला की दर विचारण्याआधी त्यांचा प्रश्न असे, "त्याच्या शेतात काय हाय?"

नव्या सभासदांना हा प्रश्न चेष्टेचा वाटे. तो चेष्टेचा नव्हता. मोठे ठेकेदार आमच्यासारखी किरकोळ कामं घेत नाहीत, आणि घेणारे बहुतेक अर्धे शेतकरी असतात. कनेरगाव नाक्याचा रंगारी सोयाबीन काढणीला गायब होई, म्हणून आमच्या जिन्याला दिवाळीचा रंग दिवाळी झाल्यावर लागे. वायरमनला शेत नव्हतं. "शेत न्हाई, पण लग्नसराई हाय ना," रंगनाथराव म्हणत. "मांडवाची लायटिंग सोडून तुमचा बल्ब बसवाया येतो काय तो?"

गच्ची गळू लागली ती तिसऱ्या मजल्यावरच्या जाधव सरांच्या घरात. सर शिकवणी घेतात. त्यांच्या पलंगावर छताचा पोपडा पडला, तेव्हा पलंगावर कुणी नव्हतं. दिवाळीनंतरच्या सभेत रंगनाथरावांनी सांगितलं की जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटा-सिमेंटचा थर, फोडून नवा करावा लागेल. कुरुंद्याचा गौतम मिस्त्री ते चांगलं करतो, पण त्याच्याकडे हळद आहे. "आत्ता द्या. फेब्रुवारीनंतर तो माझा न्हाई, हळदीचा."

सभेला तीन दरपत्रकं हवी होती. ती आल्यावर चौथं हवं झालं. एका सभासदाचा मेहुणा गवंडी निघाला, त्यात जानेवारी गेला. मंजुरी मिळाली तेव्हा मार्च लागला होता.

गौतम मिस्त्री आला. चाळिशीचा, कमी बोलणारा. त्यानं गच्चीवर फेरी मारली आणि आमच्यासमोरच सांगितलं, "साहेब, कोबा फोडून मलबा खाली उतरवतो. पुढं आमच्या हळदीची कढई लागली की मी जानार. जयंती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. वसमतला एक काम येऊन राहिलंय, ते सोडतो मग."

चौदा एप्रिलच्या जयंतीला महिनाभर अवकाश होता. रंगनाथराव म्हणाले, "सोडा. हे काम तुमचंच."

कोबा फुटला, मलबा उतरला, मिस्त्री हळद शिजवायला गेला. मार्च संपता संपता अवकाळी पाऊस झाला. उघड्या गच्चीतून पाणी थेट जाधव सरांच्या घरात उतरलं. मुलांची पुस्तकं भिजली. सरांनी त्याच आठवड्यात सभा बोलवायला लावली.

ती सभा पार्किंगमध्ये झाली. नांदेडच्या एका कंपनीचा प्रस्ताव सरांनी आणला होता: रसायनाचा थर, चार दिवसांत काम, लेखी हमी.

"पंधरा दिवस थांबा," रंगनाथराव म्हणाले. "मी ताडपत्री टाकून देतो. मी मिस्त्रीला शब्द दिलाय."

"काका, शब्द तुम्ही दिला. पाणी माझ्या घरात आलं."

"व्हय. ते बराबर हाय."

"मग?"

"मग काय. तुमचं बी बराबर हाय अन् त्याचं बी."

"फोन करून सांगा त्याला, काम गेलं म्हणून."

"त्यानं वसमतचं काम सोडलं माझ्या भरवशावर. फोन केल्यानं ते परत येतंय का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, मिस्त्री तुमचा जावई हाय का?" हशा झाला. रंगनाथरावही थोडे हसले. हात वर झाले. कंपनीच्या बाजूनं चौदा. माझा त्यात नव्हता, विरोधातही नव्हता. रंगनाथरावांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, गच्चीची आणि पंपाची किल्ली वेगळी करून टेबलावर ठेवली आणि जाधव सरांना म्हणाले, "आता तुमी. माझ्यानं व्हत न्हाई."

कंपनीनं काम वेळेत केलं. त्या पावसाळ्यात जाधव सरांच्या घरात पाणी आलं नाही.

पंधरा एप्रिलला सकाळी गौतम मिस्त्री दोन गडी घेऊन गेटवर आला. नखं हळदीनं पिवळी होती. रंगनाथराव आधीच खाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि गाडी वळवली.

"थांबा," रंगनाथराव म्हणाले. "माझ्या घरी काम हाय."

ते काम त्यांच्या न्हाणीघरात होतं. मी मागोमाग गेलो. मिस्त्रीनं फरशीवर थापीचं टोक वाजवून पाहिलं, बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरळ जाळीकडे गेलं.

"साहेब, ही फरशी तर चांगली हाय."

"उतार चुकलाय म्हना."

"उतार बी बराबर हाय."

"मिस्त्री, तुमी फोडा."

सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. "धड न्हाणी फोडून राहिले! काहून? तर मिस्त्री आलाय म्हनून. उद्या सुतार आला की पलंग मोडतील." मग गड्यांना म्हणाल्या, "चहा घेतला का रे?"

मिस्त्री उकिडवा बसला. मग त्यानं छन्नी लावली. काम आठवडाभर चाललं. न्हाणी झाल्यावर रंगनाथरावांना मागच्या बाल्कनीच्या कठड्यातही दोष सापडला. त्या दिवसांत काका-काकू आंघोळीला आमच्याकडे येत. एकदा मी विचारलं, एवढी तकलीफ कशासाठी? टॉवेल खांद्यावर टाकत ते म्हणाले, "नोकरीत मी पान्याची पाळी द्यायचो. वरून हुकूम आला की दिलेली पाळी बदलायची. शेतकरी रात्रभर बांधावर बसलेला असायचा. त्याला जाऊन मीच सांगायचो." त्यांनी भांग पाडला आणि वर गेले.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मागची संरक्षक भिंत कोसळली. नांदेडच्या कंपनीनं एवढं लहान काम घेण्यास नकार दिला. जाधव सरांनी शहरात चार गवंड्यांना विचारलं. चौघांनीही चौकशी केली, सचिव अजून रंगनाथराव आहेत का, आणि ‘नाही’ कळल्यावर पुन्हा फोन उचलले नाहीत.

सर संध्याकाळी रंगनाथरावांकडे गेले. "काका, गौतम मिस्त्रीला एक फोन करा ना."

"फोन करून काय सांगू? मी कोन आता?" रंगनाथराव म्हणाले. "तुमी कुरुंद्याला जा, सर. त्याच्या घरी बसा. अन् तारीख तुमी द्या, माझं नाव घेऊ नका."

सर लगेच गेले नाहीत. डिसेंबरमध्ये रंगनाथराव वारले. अंत्यविधीला गौतम मिस्त्री आला होता, आणि जाधव सर त्याच्याशी तिथेच बोलले. जानेवारीत सर मोटारसायकलवरून कुरुंद्याला गेले. महिनाअखेरीस भिंतीचा पाया खोदला गेला.

फेब्रुवारीत भिंत कमरेएवढी झाली असताना मिस्त्री हळदीला गेला. पंधरा एप्रिलला परत येतो, असं त्यानं सरांना सांगितलं आहे. दोन सभासदांनी सभेची लेखी मागणी केली आहे. जाधव सरांनी अद्याप सभा बोलावलेली नाही.