आठवीतली सरस्वती

शाळेचे जुने वार्षिकांक मी जपून ठेवले आहेत. लोक आठवणींसाठी ठेवतात, मी राग शिळा होऊ नये म्हणून ठेवले.

आठवीच्या अंकात मधली पानं गुळगुळीत कागदाची, फोटोंची. पहिल्या पानावर मुख्याध्यापक, पोट आत ओढून, अंगावर शाल. मग कबड्डीचा संघ, गुडघ्यांना मैदानातली माती तशीच. मग स्नेहसंमेलनातल्या नाटकातली राणी, तिच्या नऊवारीखालून शाळेचे कॅनव्हासचे बूट डोकावतात. ही राणी आता पनवेलला दातांची डॉक्टर आहे आणि तिच्याशी माझं काही वाकडं नाही. वाकडं आहे ते पुढच्या पानाशी.

तिथे हस्तकला प्रदर्शनाचा फोटो आहे. टेबलावर शाडूची सरस्वती, वीतभर उंचीची. शेजारी बक्षिसाचा कप घेऊन उभा असलेला मुलगा, रोह्याचा, पेणला मामाकडे राहून शिकणारा. मागे मुलींच्या घोळक्यात एक वेणी आणि अर्धा गाल दिसतो. तो गाल माझा. सरस्वतीही माझी.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. बाबांनी मला सातवीतच डोळे आखायला बसवलं होतं. कारखान्यात हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि सगळ्यात भरवशाच्या हाताला मिळतं. त्या सरस्वतीची नजर मी वीणेच्या तारांकडे झुकवली होती, कारण वाजवणारा माणूस कधी समोर टक लावून बसत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मूर्तीपुढची माझ्या नावाची चिठ्ठी गेली आणि त्याच्या नावाची आली. मी वर्गशिक्षकांकडे गेले. त्यांनी बाबांनाच बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत सुनावलं, "मुलीला दुसऱ्याचं ते आपलं म्हणायची सवय लावू नका."

बाबांनी मूर्ती पाहिली आणि मला म्हणाले, "माफी माग गो त्याची."

मागितली. चोराची माफी मागून माणूस घरी कसा जातो, ते मला विचारा. बापाबरोबर चालताना बापाच्या मागे राहावंसं वाटतं. जगाने खोटं ठरवलं असतं तर मी भांडले असते. माझ्या बापाला माझं खरं वाटलं नाही, यावर भांडण तरी काय करणार? मी डूख धरला तो मात्र त्या पोरावर.

बाबा थकले तसा कारखाना माझ्याकडे आला. तो पोरगा कुठल्याशा कंपनीत साहेब झाला, रिटायर झाला आणि रोह्याला परतला. कुणीतरी आमच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता. त्यावर त्याने हाच फोटो टाकला, खाली लिहिलं, 'माझी पहिली आणि शेवटची कलाकृती.' अंगठे आले, फुलांचे गुच्छ आले. पनवेलच्या राणीने लिहिलं, 'किती जिवंत डोळे काढलेयस रे.' चोर तर चोर, वर शिरजोर. मी काही लिहिलं नाही. श्रावण जवळ आला होता.

आमच्याकडे श्रावणात लोक घरचा पाट आणून देतात. त्याच पाटावर त्या घरचा गणपती बसवायचा, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो पाटासकट घरी न्यायचा. त्याच्या रोह्याच्या घरचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे पाट आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे. आणायचा त्याचा काका. काका वारला, म्हणून यंदा हा आला.

"ओळखलंस ना?" त्याने विचारलं.

"न ओळखायला काय झालं," मी म्हटलं आणि पाट ठेवून घेतला. भाऊबंदांच्या मूर्ती वेळेत केल्या. त्याच्या पाटाला मातीचं बोट लावलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तो बायकोला घेऊन आला, तिच्या हातात मूर्तीवर घालायचा नवा रुमाल. मी त्याचा पाट आणून त्याच्या हातात दिला. रिकामा.

"मूर्ती?"

"तू करतोस ना. ग्रुपवर बघितली."

तो आधी हसला. मग आजूबाजूचे वळून बघायला लागले. आदल्या दिवशी रिकामा पाट घरी न्यायचा म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. बायको त्याला विचारू लागली, काय केलंयस तू.

"अगं, पोरपणातली गोष्ट ती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सणाला कशाला काढतेस?"

"मोठ्याने बोल. बाबांना कमी ऐकू येतं."

बाबा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. तो त्यांच्यापुढे गेला आणि भर गर्दीत मोठ्याने म्हणाला, "काका, ती सरस्वती हिची होती. चिठ्ठी मी बदलली."

माझ्या काळजाला गारवा मिळाला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी याच वाक्यासाठी थांबले होते, आणि ते बाबांच्या कानावर पडावं म्हणून.

बाबांनी मान हलवली. "मला ठावं हाय. डोळे बघितले तवाच कळलं व्हतं. हिच्याबिगर कोन काढील तसे?"

मी विचारलं, "मग मला माफी का मागायला लावलीत?"

"त्यांचे पाट व्हते गो आपल्याकडं. सगळ्या भाऊबंदांचे."

तो रिकामा पाट धरून तसाच उभा होता. त्याच्यासाठी माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं, रागसुद्धा. मी जाऊन कारखान्याचं दार आतून लावलं आणि बाबांपुढे येऊन उभी राहिले.

"माफी मागा माझी," मी म्हटलं.

लोक खोळंबले होते. बाहेर टाळ वाजत होते, कुणीतरी दारावर थापा मारत होतं. बाबा माफी मागेपर्यंत मी एकही गणपती बाहेर जाऊ दिला नाही.