फॉइल लावलेल्या खिडक्या

"हिच्या खोलीत ऊन येतं का?" डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं.

"बिलकुल नहीं," बाबा अभिमानाने म्हणाले. "सगळ्या खिडक्यांना मी स्वतः फॉइल लावलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला ऑस्टिओमलेशिया झाला होता. म्हणजे हाडं मऊ पडणं. व्हिटॅमिन डी कमी असलं की खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही, आणि ते व्हिटॅमिन मुख्यतः अंगावर पडणाऱ्या उन्हातून मिळतं. अबू धाबीत राहून मला उन्हाची कमतरता! नदीकाठी राहून तहानेने मरायची गत.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मी पंधरा वर्षांची, एकुलती एक. बाबा शहराबाहेर मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत, लोखंडकामाच्या एका फॅब्रिकेशन यार्डात सुपरवायझर होते. संध्याकाळी मानेपर्यंत करपलेले घरी यायचे आणि म्हणायचे, "उन्हात राबायला मी आहे ना. माझ्या राजकन्येला झळ लागता कामा नये." फ्लॅटला एसी, शाळेच्या बसला एसी, वर्गाला एसी. आईची चिंता निराळी, "काळी पडशील, मग तुझी आजी मलाच बोलेल." त्यामुळे आम्ही कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला जायचो ते सूर्य बुडून मगरीबची बांग झाल्यावर. खारे दाणे खात, बाबांचं बोट धरून. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. आजही त्या संध्याकाळी आठवल्या की जीव तिथेच घुटमळतो.

दुखणं जिन्यावर सुरू झालं. पायऱ्या चढताना मांड्या भरून यायच्या. मग खुर्चीतून उठतानाही हात टेकावा लागायला लागला. "वाढीचं वय आहे," आई म्हणाली. वर्षभर आम्ही तेच म्हणत राहिलो. तुम्ही तसं करू नका.

एक्स-रे झाला, रक्त तपासायला गेलं. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. त्या दहा दिवसांत मी हिस्ट्री प्रोजेक्टसाठी लायब्ररीतून आणलेलं एक पुस्तक वाचत होते. इंग्लंडच्या एका राजाला बऱ्याच मुली होत्या. त्याचा त्यांच्यावर इतका जीव, की त्यांना नजरेआड करवेना. लग्नाचा विषय निघाला की टाळायचा. सगळ्यांत धाकटी त्याची फार लाडकी. माझ्याच वयाची असताना तिचा गुडघा दुखायला लागला, हवापालटाला तिला समुद्रकाठी पाठवलं. पण पुढे ती तरुणपणीच गेली. मी पुस्तक मिटून उशीखाली सरकवलं. आपण पुन्हा नीट चालू की नाही, या भीतीने माझी भूक गेली होती. बाबांनी विचारलं की मी म्हणायचे, "आय ॲम फाइन, बाबा."

रिपोर्ट आले त्या दिवशी, फॉइलचं ऐकून झाल्यावर, बाईंनी व्हिटॅमिनचे डोस दिले, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. "आणि रोज थोडा वेळ ऊन. काचेतून नाही, काच अडवते. उघड्यावर."

 घरी येऊन बाबा स्टूलवर चढले आणि फॉइल सोलायला लागले.

"अहो, काचेतून उपयोग नाही म्हणाल्या ना त्या?" आई म्हणाली.

"ऐकलंय मी," म्हणाले, आणि सोलत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते. मी बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी ते मला लिफ्टने गच्चीवर घेऊन गेले. डिश अँटेना आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये चटई अंथरली. मी बसले, तर डोक्यावर सावली. वर बघते तो बाबा छत्री धरून उभे.

"बाबा, छत्री!"

"अरे देवा. सवय गं," ते म्हणाले. छत्री मिटून शेजारी बसले. सहा दिवस उन्हात काढलेला माणूस सातव्या दिवशीही माझ्यासाठी उन्हात बसला.

चौथ्या महिन्यात त्यांनी लिफ्टपाशी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. "आज जिन्याने जा. एकटी. यल्ला, चल." मी तीन मजले चढले, कठड्याला हात न लावता. वरून वाकून पाहिलं तर बाबा खाली तिथेच, मान वर करून उभे. मागे आले नाहीत. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे मला आई झाल्यावर कळलं.

त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी औषध मला दिलं, पण बरे आम्ही दोघं झालो.

दोन वर्षांनी मी कॉलेजला पुण्याच्या हॉस्टेलवर आले. बाबांनीच फॉर्म भरला होता. दर शुक्रवारी, बाबांच्या सुट्टीच्या दिवशी, मी हॉस्टेलच्या फोनसमोर रांगेत उभी राहायचे. बाकीच्या मुलींचे वडील विचारायचे, जेवलीस का? माझे बाबा विचारायचे, "उन्हात गेली होतीस ना?"